वास नाही, तार नाही, परतून गरम केलेला... मग भात बाधला कसा?

डबलबेल (सोलापूर)

नमस्कार मंडळी. एसटीत ३१ वर्षं वाहक होतो. अक्कलकोट, पंढरपूर, तुळजापूर, शिवाय मुक्कामाच्या गाड्या. रस्त्यावर काय काय खाल्लंय ते सांगत नाही, कुणी जेवता जेवता वाचत असेल. पोटाने कधी दगा दिला नाही. आणि आता निवृत्तीनंतर स्वतःच्या ओट्यावर, स्वतःच्या हाताने शिजवलेल्या भाताने मला आडवा केला.

झालं असं. आमच्या सौ. मोरीपाशी घसरल्या. उजव्या मनगटाला प्लास्टर, सहा आठवडे. ओटा माझ्याकडे आला. ती स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसते आणि तिथून गाडी चालवते, मी नुसता बेल मारतो. भाकरी मला थापता येत नाही. एकदा थापली तर तिचा निम्मा भाग परातीला आणि निम्मा माझ्या मनगटाला. म्हणून भात. सोलापूरच्या घरात रोज दोन्ही वेळ भात म्हटल्यावर शेजारी विचारायला लागले, कोकणातले पाहुणे आलेत का?

परवा सकाळी साडेअकराला दोन वाट्या तांदूळ कुकरला लावले. माणसं दोन. मापाचा अंदाज अजून बसायचाय. साडेबाराला जेवलो, निम्म्याहून जास्त भात उरला. कुकरमध्येच ठेवला, वर झाकण टेकवलं. बाहेर ४२ अंश, आमचं स्वयंपाकघर पश्चिमेला, म्हणजे दुपारी तिथे उभं राहिलं की माणूसच शिजतो. रात्री साडेआठला भात बघितला. मोकळा, पांढरा, बोटाला चिकट नाही, आंबूस वास नाही. सौ.नेही नाकाजवळ नेऊन 'चालेल' म्हटलं. कांदा, मिरची, कढीपत्ता, शेंगदाणे घालून फोडणीला टाकला, चांगला दहा मिनिटं परतला. वाफा निघत होत्या. खाली थोडी खरपुडी धरली होती, तीही खाल्ली. त्यातच खरी चव.

अकराच्या सुमारास मळमळ आणि मग उलट्या. चार की पाच, पुढे मोजायचं सोडलं. जुलाब नाही, ताप नाही. सौ. त्या रात्री कडक भाकरी आमटीत कुस्करून जेवली होती, तिला काहीही नाही. एका हाताने ती मला मीठ-साखरेचं पाणी पाजत होती. सकाळी डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "भात कधीचा होता?" मी अजून भाताचं नावही काढलं नव्हतं!

आता माझे प्रश्न.

विटलेला नव्हता, वर दहा मिनिटं परतला होता, तर बाधला कशाने?

गरम भात फ्रिजमध्ये ठेवला की फ्रिज बिघडतो असं सासूबाईंपासून सगळे सांगतात. मग गार होईपर्यंत ठेवायचा कुठे? या दिवसांत आमच्याकडे ओट्यावर पाणीसुद्धा गार होत नाही.

आणि लहानपणी शिळा भात खाऊनच शाळेत जायचो की आम्ही. तेव्हा कसं चालायचं?

चाळीस_डबे (वर्धा)

डबलबेल भाऊ, आधी तब्येत सांभाळा, दोन दिवस तिखट नको.

मी कॉलेजच्या पोरांचे डबे करते, आजच्या तारखेला चाळीस. बारा वर्षं झाली. वर्ध्याचा उन्हाळा तुमच्यापेक्षा दोन पावलं पुढेच आहे, म्हणून सांगून राहिले. कुकर ही भात शिजवायची जागा आहे, ठेवायची नाही. जाड बुडाचं भांडं, वर झाकण, आत वाफ. तीन तासांनीही आत बोट घातलं तर मधला भात कोमट लागतो. तो कोमटपणाच वाईट.

माझी पद्धत अशी. जेवणं झाली की उरलेला भात लगेच परातीत काढते. ढीग करायचा नाही, एका बोटाच्या जाडीने पसरायचा, उलथन्याने दोनदा वरखाली करायचा, पंख्याखाली ठेवायचा. वर मलमलचं फडकं. पंधरा-वीस मिनिटांत हाताला गार लागतो. की लगेच पसरट डब्यात भरून फ्रिजमध्ये. खोल डबा घ्यायचा नाही, त्यात मधला भात परत ऊब धरतो.

आमटी, उसळ, रस्सा यांना परात वेगळ्या कामाला येते. परातीत गार पाणी ओतायचं, असला तर बर्फ टाकायचा, त्यात पातेलं बसवायचं आणि पळीने ढवळत राहायचं. पाणी कोमट झालं की बदलायचं. दोन वेळा पाणी बदललं की पाच लिटर आमटीही हाताला सोसवेल इतकी निवते. नुसती ओट्यावर झाकून ठेवली तर तीच आमटी दोन-तीन तास गरम बसते. मी एकदा वाटाण्याच्या उसळीचं मोठं पातेलं झाकून झोपले होते. थकले होते, सकाळी बघू म्हटलं. सकाळी झाकण काढलं तर वर फेस, बुडबुडे येऊन राहिले. सगळी उसळ ओतली खड्ड्यात. पैसा गेला तो गेला, पण त्या दिवशी पोरांना डब्यात भाजी म्हणून नुसतं पिठलं गेलं, ते अजून चिडवतात.

आणि भाऊ, दोन माणसांना सव्वा वाटी तांदूळ पुरतात. दोन वाट्या कोणासाठी?

परीक्षानळी (पुणे)

कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. पहिल्या प्रश्नाला थोडा लांबून हात घालतो.

तपासणी केल्याशिवाय ठाम सांगता येणार नाही, पण गरम जागेत बराच वेळ पडून राहिलेला भात, खाल्ल्यावर अडीच तासांत उलट्या, ताप नाही, दुसऱ्या दिवशी माणूस उभा, हे वर्णन एका ठरावीक जंतूचं आहे. नाव बॅसिलस सीरिअस. हा मातीतला रहिवासी, त्यामुळे तांदळाबरोबर घरात येतोच. परिस्थिती वाईट झाली की तो बीजाणू होऊन बसतो, म्हणजे स्वतःभोवती जाड कवच घेऊन झोपतो. पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात जंतू मरतात, बीजाणू टिकू शकतात. कुकरमधलं तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, तिथे बरेचसे मरतात, पण सगळे गेले असं धरून चालता येत नाही. शिवाय जेवताना झाकण उघडलं, वाढणी आत गेली, हवा लागली.

भात कोमट झाला की बीजाणू उगवतात. ओलावा आहे, पिष्ट आहे, ऊब आहे. ५ ते ६० अंशांमधला पट्टा जंतूंच्या सोयीचा, आणि त्यात तिशीच्या आसपासचे अंश तर फारच. तुम्ही वाहक होता, हिशोब तुम्हाला आवडेल. दर अर्ध्या तासाला संख्या दुप्पट होते असं धरा. साडेबारा ते साडेआठ, आठ तास, म्हणजे सोळा वेळा दुप्पट. एकाचे ६५,५३६. आणि सुरुवात एकापासून होत नाही.

आता परतण्याबद्दल. वाढताना हा जंतू भातात एक विष सोडतो. तुमच्या कढईत जंतू मेले असतील, विष तसंच राहिलं. ते उकळण्याने, परतण्याने, इतकंच काय कुकरच्या उष्णतेनेही मोडत नाही. म्हणून खरपुडीसुद्धा सुरक्षित नव्हती. तिची चव मात्र मान्य.

वासाचं असं आहे की आमटी आंबवणारे, भाताला तार आणणारे जंतू वेगळे. ते नाकाला वर्दी देऊन येतात. हा देत नाही. वहिनींच्या नाकाला दोष देऊ नका.

त्यांना काही झालं नाही, कारण कडक भाकरीत पाणीच नाही. पाणी नसलं की जंतू वाढत नाही. आणि आमटी त्याच संध्याकाळची असणार.

आमटी-रश्श्यात सहसा त्रास देणारी आणखी एक जमात आहे, मोठी पातेली सावकाश निवतात तिथे ती वाढते. ती चांगली खळखळून उकळली तर मरते, त्यामुळे 'पुन्हा उकळ' हा जुना नियम तिथे कामाला येतो. तोच नियम आपण भाताला लावतो आणि फसतो. एरवी शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावं. तुमच्याकडच्या मे महिन्यात एक तासच धरा. फ्रिजमधला भात दुसऱ्या दिवशी संपवा, आणि गरम करायचा तो एकदाच, खाणार तेवढाच.

मांगरातली_आजी (मालवणजवळ)

शिळ्या भाताचं मी सांगते, वय ७४.

आमच्याकडे रात्री उकड्या तांदळाचा भात उरला तर तो कोरडा कधी ठेवत नसत. मातीच्या मडक्यात घालून त्यावर पाणी ओतायचं, भात बुडेल इतकं. मडकं पाझरतं, त्यामुळे आतलं पाणी गार राहतं. सकाळपर्यंत त्याला हलकी आंबूस चव यायची. त्यात ताक, मीठ, चेचलेली मिरची, कांदा. झाली न्याहारी. आणि उरायचा तो असा किती? दोन मुठी. घरात अकरा माणसं होती बाबा, दोन वाट्या तांदूळ उरवायची कुणाची छाती नव्हती. शिवाय तो रात्रभर ठेवलेला, भर दुपारी नव्हे. दुपारचा भात रात्री खायचा असेल तर आई त्यात आधीच ताक कालवून ठेवायची.

पण तेव्हा कुणाला काही होत नव्हतं असं म्हणू नका. आम्ही पोरं ओकायचो की! रात्री कुणी ओकलं की आजी मीठ-मोहऱ्या घेऊन यायची, तीनदा उतरवून चुलीत टाकायची. मोहऱ्या तडतडल्या की म्हणायची, केवढी दृष्ट लागलीय बघा. सकाळपर्यंत पोर बरं व्हायचं. अमुक बाईची नजर वाईट म्हणून तिच्याशी बोलणं बंद व्हायचं. भाताचं नाव कुणी घेतलं नाही. आता हे वाचून वाटतं, त्या बाईची माफी मागायला हवी. ती राहिली नाही.

परीक्षानळी (पुणे)

आजी, तुमचा शेवटचा परिच्छेद मी वर्गात वाचून दाखवणार आहे.

ताकाचं बरोबर आहे. आंबटपणात या जंतूला नीट वाढता येत नाही. दही-ताकातले जंतू आधी जागा पकडतात आणि आम्ल तयार करतात. फक्त ताक कालवायचं ते ताज्या, निवलेल्या भातात. आठ तास पडून राहिलेल्या भातावर ताक ओतून तो सुधारत नाही, विष आधीच तयार झालेलं असतं.

गॅस्केट (नाशिक)

फ्रिज दुरुस्ती करतो. दुसऱ्या प्रश्नावर बोलतो, बाकीचं मला कळत नाही.

गरम भाताने फ्रिज बिघडत नाही. उकळतं पातेलं थेट आत ठेवलं तर आतली हवा गरम होते, शेजारचं दूध-दही तापतं, कॉम्प्रेसर जास्त चालतो, बर्फ जास्त धरतो. म्हणून ते नको. पण वर्ध्याच्या ताईंनी सांगितलं तसं हाताला कोमट झालेलं, पसरट डब्यातलं बिनधास्त ठेवा. 'पूर्ण गार होऊ दे' म्हणत चार तास ओट्यावर ठेवण्यापेक्षा ते कधीही बरं.

तुमचा फ्रिज किती थंड आहे ते आधी बघा. आतल्या गोल बटणावरचे आकडे म्हणजे अंश नाहीत. सहसा आकडा मोठा तितकी थंडी जास्त. लोक वीजबिलाच्या धाकाने १ वर ठेवतात, काहींना वाटतं १ म्हणजे एक अंश! काचेच्या पेल्यात पाणी घ्या, त्यात फ्रिजचा थर्मामीटर ठेवून पेला मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा. सकाळी ४-५ अंश दिसले पाहिजेत. तापाचा थर्मामीटर चालत नाही, त्याचे आकडे ३५ च्या पुढे सुरू होतात. हे सांगावं लागतं, अनुभव आहे.

दाराचं रबर तपासायला दहाची नोट अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून दार लावा आणि ओढा. सहज सुटून आली तर तिथून थंडी जातेय. रबर साबणाच्या पाण्याने पुसा, बऱ्याचदा नुसती चिकट घाणच असते. एका दाराचा जुना फ्रिज असेल तर बर्फ बोटाच्या पेराएवढा होऊ देऊ नका, आणि तो सुरीने खरवडू नका. नळीला भोक पडलं की माझाच फायदा. दूध दारात ठेवू नका, दार हा फ्रिजचा सगळ्यात गरम भाग.

डबलबेल (सोलापूर)

मंडळी, सगळ्यांचे आभार. आठवड्यानंतर लिहितोय, करून बघितल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

गॅस्केट भाऊंचं काम आधी केलं. बटण १ वर होतं. बिलापायी मीच ठेवलेलं, आणि हो, मलाही तो एक अंशच वाटायचा. थर्मामीटर आणून पेल्यात ठेवला, सकाळी बघतो तर ११ अंश. म्हणजे भात मी वेळेत फ्रिजमध्ये ठेवला असता तरी तो आत नुसता आराम करत बसला असता. बटण ४ वर केलं, दुसऱ्या दिवशी ५ अंश. दहाची नोट खालच्या कोपऱ्यातून अशी सुटून आली की जणू सुट्टे परत दिले. रबर पुसलं तर फडकं काळं. आता नोट अडकते.

ताई, तांदूळ सव्वा वाटी. खरंच पुरतो. परातीत पसरायचा प्रयोग पहिल्या दिवशी फसला. मी हौसेने पंखा पाचवर केला आणि मलमलचं फडकं भातासकट उडालं. दाराकडून आवाज आला, "अहो, गाडी हळू घ्या." आता दोनवर ठेवतो. अठरा मिनिटं लागतात, घड्याळ लावून बघितलं. आमटीचं पातेलं परातीतल्या पाण्यात ठेवून ढवळताना मात्र मला फार बरं वाटतं. का ते सांगता येत नाही. पाणी दोनदा बदलतो.

परीक्षानळी सर, तुमचा ६५,५३६ चा हिशोब मी वहीवर मांडून पडताळला. बरोबर निघाला. तो कागद फ्रिजवर चिकटवलाय.

एक शंका राहिली. कडक भाकरीत पाणी नाही म्हणून ती टिकते, हे पटलं. ड्युटीवर मी तीच न्यायचो, सोबत शेंगाची चटणी. पण या वेळी सौ.च्या बहिणीने करून दिलेल्या भाकऱ्या चौथ्या दिवशी वाकायला लागल्या. कडक भाकरी वाकते म्हणजे काय?

चाळीस_डबे (वर्धा)

आमच्याकडे कडक भाकरी नसते भाऊ, पण वाळवणाचा नियम सगळीकडे सारखाच. एक तर पूर्ण वाळायच्या आधी डबा बंद झाला, नाही तर गरम असताना भरल्या आणि आतल्या वाफेने सादळल्या. मंद तव्यावर दोन्ही बाजूंनी पुन्हा कोरड्या करा, पूर्ण गार होऊ द्या, मग भरा. डबा आधी पुसून उन्हात ठेवा. आणि त्याआधी उजेडात नेऊन नीट बघा. कुठे पांढरा-हिरवा ठिपका दिसला तर ती भाकरी गेली. ठिपका खरवडून खायची नाही, बुरशी वर दिसते त्याहून खोल गेलेली असते. शेंगदाण्याचंही तेच. चटणीला घ्यायच्या आधी बुरसलेले, काळपट दाणे निवडून फेका. आणि पिशवीत असे बरेच निघाले तर निवडत बसू नका, पिशवीच फेका. बुरशीचं विषही भाजून जात नाही.

डबलबेल (सोलापूर)

बघितल्या. ठिपका नाही, नुसत्या सादळल्या होत्या. तव्यावर कोरड्या केल्या, आता मोडताना कट्कन आवाज येतो.

जाता जाता एक. फ्रिजमधल्या डब्यांवर तारीख टाकायची म्हणून पट्ट्या आणल्या होत्या, त्या ओल्या होऊन गळून पडायच्या. मग जुन्या कॅलेंडरच्या जाड पानांची तिकिटं कापली. प्रत्येकावर १ ते ३१ आकडे लिहिले, दोऱ्याने डब्याला बांधली आणि नातवाच्या कागदाला भोकं पाडायच्या यंत्राने त्या त्या तारखेला टोचा मारतो. एका तिकिटावर एकच टोचा. दुसऱ्या दिवशी रात्री तपासणी. जे तिकीट संपलं ते खाली उतरलं, सवलत नाही.

काल सौ. फ्रिज उघडून बराच वेळ आत बघत होती. मग भेंडीच्या भाजीचा डबा बाहेर काढून तिकीट माझ्यासमोर धरलं. "अहो कंडक्टर, ही विनातिकीट बसलीय. टोचा कुठाय?"

विसरलो होतो. भाजी सकाळचीच होती, तिने सोडली. प्लास्टर येत्या मंगळवारी काढणार आहेत.